कातडं लागणार हाय

माझे थोरले दीर पुढारी आहेत. म्हणजे अजून निवडून आलेले नाहीत, पण पांढरे कपडे, मागे सात-आठ माणसं आणि प्रत्येक मयतीला पहिल्या रांगेत जागा एवढं सगळं त्यांनी आधीच जमवून ठेवलंय. आमचं गाव नेकनूरपासून फार लांब नाही. मी तिथल्याच एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. घरात कमावती, शिकलेली सून म्हणून मला मान आहे असं सगळे म्हणतात. तो मान कशात आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी दिरांनी शेतात गुऱ्हाळ घातलं. सेंद्रिय गूळ, केमिकल नाही, वगैरे. गूळ बरा होत होता, कारण तो करणारा गुळव्या जाणता माणूस होता. दिरांना मात्र गुळापेक्षा गुऱ्हाळाचे फोटो जास्त गोड लागत. हंगामात दर आठ दिवसांनी कोणीतरी पाहुणा यायचा, रस प्यायचा, काकवी बाटलीत भरून न्यायचा आणि रस आटवायच्या मोठ्या काहिलीपाशी उभा राहून फोटो काढायचा. दुसऱ्या दिवशी तो फोटो गावभर सगळ्यांच्या मोबाईलवर.

असाच एक मोठा पाहुणा येणार होता. तिकीट देणाऱ्यांपैकी होता म्हणे. जाऊबाईंनी मला शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढायला लावली. घरातल्या सगळ्या बायकांना एकसारख्या गुलाबी साड्या दिल्या, बाजारात मिळतात त्या चकचकीत, हात लावला तरी चरचरणाऱ्या. मी म्हटलं, "ताई, चुलवणाच्या जाळापाशी असल्या साड्या नेसून कशाला उभं राहायचं? सुती नेसते ना मी." त्या म्हणाल्या, "अगं, फोटोत सगळ्या येगळ्या दिसल्यावर कसं वाटंल? बायकापण दिसायला पाहिजेत." मी नेसले. एम.एस्सी. झालेली बाई मी, मुलांना ज्वलनशील पदार्थांची यादी पाठ करायला लावणारी, आणि मी ती साडी नेसले. दुसऱ्यांना नावं ठेवण्याआधी हे सांगून टाकलेलं बरं.

पाक तयार झाला की काहील चुलवणावरून उचलून शेजारच्या वाफ्यात, गूळ निवायच्या उथळ खळग्यात, ओततात. काहिलीच्या कड्यांतून दोन लांब दांडे घालायचे, दोन्हीकडून माणसांनी एका तालात उचलायचं, चार पावलं चालायचं आणि हळूच कलती करायची. रोज हे काम करणारी माणसंसुद्धा त्या चार पावलांत बोलत नाहीत. त्या दिवशी दिरांनी एका गड्याला बाजूला केलं आणि पाहुण्याला म्हणाले, "साहेब, तुमी धरा. एकच फोटो."

गुळव्या म्हणाला, "मालक, पाक तयार हाय. आता न्हाई. रिकाम्या काहिलीचा काढू."

"गप बे," दीर म्हणाले, "रिकाम्या काहिलीचा कुणी फोटो काढतं का?"

साहेबांनी दांडा धरला. पायात चकचकीत बूट, खाली रसाने ओली झालेली चिपाडं. मी दोन पावलांवर काकवीच्या वाट्यांचं ताट घेऊन उभी होते, जाऊबाईंनी उभं केलं होतं तिथंच. साहेब मोबाईलकडे बघून हसले आणि त्यांचा पाय सरकला. काहील एका अंगाला कलली. पाक वाफ्याच्या कडेवरून उसळला आणि माझ्या डाव्या पायावर आला, गुडघ्याच्या खालपासून थेट पावलापर्यंत.

उकळतं पाणी सांडलं तर निदान ओघळून जातं. गुळाचा पाक ओघळत नाही. तो चिकटतो आणि चिकटल्या जागी बसून भाजत राहतो. वरून ती गुलाबी साडी वितळून पायाला लागली. मी कशी ओरडले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की साहेबांना सगळ्यांनी आधी उचललं. त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर शिंतोडे उडाले होते.

माझ्याकडे धावला तो गुळव्या. त्याने मला दोन्ही काखांत धरून ओढत नेलं आणि माझा पाय शेजारच्या पाण्याच्या हौदात बुडवला. "बाई, काढू नका. कितीबी होऊ द्या, काढू नका," तो म्हणत होता. त्याच्या हातांवर जुन्या डागांच्या पांढऱ्या-काळ्या नक्ष्या होत्या. मलाही हेच माहीत होतं. भाजल्यावर वीस मिनिटं तरी साधं गार पाणी, दुसरं काही नाही, हे मी फळ्यावर लिहीत आले होते. पाण्याने नुसती आग शमत नाही, कातडीच्या आत साठलेली उष्णताही निघून जाते आणि खालचे थर वाचतात.

दोन-तीन मिनिटं झाली असतील. तेवढ्यात दीर आले. "अरे पाणी कावून लावता? फोड येतील! काढ बे पाय बाहेर!"

"राहू द्या," मी म्हटलं. "पाण्यातच राहू द्या."

"मास्तरीणबाई, तुमाला आता काही कळत न्हाई. तुमी शांत ऱ्हावा."

चार जणांनी मिळून मला बाहेर काढलं. गुळव्या मजूर होता, तो बाजूला झाला. मग कोणीतरी शेतातल्या खोलीतून टूथपेस्ट आणली आणि अख्खी ट्यूब माझ्या पायावर रिकामी केली. कोणी म्हणालं हळद लावा, कोणी म्हणालं शाई. एकाने बटाटा किसायला घेतला होता म्हणे. आमच्याकडे भाजलेल्या माणसाला पाणी सोडून स्वयंपाकघरातलं आणि न्हाणीघरातलं सगळं लावतात.

तिथं आणखी एक बाई होती. आमच्या शेतात दरवर्षी मेंढ्या बसवायला येणारं एक धनगर कुटुंब आहे. रात्रभर मेंढ्या शेतात बसल्या की त्यांच्या लेंड्यांचं खत होतं. त्यांतली बाई पन्नाशीची असेल. मी तिला मावशी म्हणते. ती मेंढ्यांच्या चाऱ्यासाठी उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, न्यायला आली होती. माझा पाय बघून ती म्हणाली, "लोकरीची राख लावा, मी आत्ता आणते." मी तिच्यावरही खेकसले. मूर्खपणाच्या बाबतीत मी कोणाशी दुजाभाव केला नाही.

गाडीत घालताना दीर ड्रायव्हरला म्हणाले, "खाली पोतं टाक बे, शीटला चिकटंल." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि त्यानंतरच मला भोवळ आली. मी बऱ्याचदा विचार करते की भोवळ दुखण्याने आली की त्या वाक्याने.

बीडमध्ये एका खाजगी दवाखान्यात नेलं. नर्सने सगळ्यात आधी टूथपेस्ट धुवायला घेतली. ती वाळून दगड झाली होती आणि तिच्याबरोबर कातडीही निघत होती. तास गेला. नर्सने विचारलं, "हे कुणी लावलं?" नवरा छताकडे बघू लागला.

डॉक्टर तरुण होते, डोळ्यांखाली काळं आलेलं, बोलणं कमी. त्यांनी बारीक सुई घेतली आणि पायावर ठिकठिकाणी टोचून विचारायला लागले. जखमेच्या कडेला टोचलं की मी किंचाळत होते. मध्यभागी, पोटरीच्या पुढच्या अंगाला आणि घोट्याच्या वर टोचलं तेव्हा मला काहीच कळलं नाही. मी बघत होते म्हणून सुई लागली हे समजलं.

दारात जाऊबाई उभ्या होत्या. त्या हात जोडून म्हणाल्या, "बघा, मधी दुखतसुद्धा न्हाई. देवाची कृपा म्हणायची."

मी डोळे मिटून घेतले. मला माझाच फळा दिसत होता. वर बाह्यत्वचा, कागदासारखी पातळ, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकत सरकत मरतात आणि शेवटी कोंडा होऊन गळून जातात. तिच्याखाली अंतःत्वचा. घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं, रक्ताच्या बारीक वाहिन्या आणि नसांची टोकं सगळी इथं. दुखणं इथं कळतं. दुखत नाही याचा अर्थ ती टोकं जळून गेली, म्हणजे अंतःत्वचाच गेली. आणि वरची कातडी ज्या मुळांपासून पुन्हा उगवते ती मुळंही तिच्याबरोबर गेली. मी हे शंभरदा शिकवलं होतं. "त्वचा हा शरीरातला सर्वांत मोठा अवयव आहे" हे वाक्य पोरांकडून घोकून घेतलं होतं. कुणी विचारलं असतं की बाई, अवयव म्हणजे हृदयासारखा का, तर मी हो म्हटलं असतं आणि मनात म्हटलं असतं, कसलं हृदय, वरचं आवरण ते.

त्या रात्री त्या आवरणाने मला त्याची किंमत दाखवली. जिथं कातडी नव्हती तिथून अंगातलं पाणी पाझरत राहिलं. पट्ट्या भिजून जड व्हायच्या. सलाईन लावून ते पाणी परत भरत होते. उन्हाळा सुरू व्हायला आला होता तरी मला थंडी वाजत होती. आत पाणी राखणं, ऊब राखणं आणि बाहेरचे जंतू बाहेर ठेवणं ही तीन कामं ती बिचारी गाजावाजा न करता रोज करत होती. आमच्या घरात अशी कामं करणाऱ्यांना कोणी विचारत नाही, मग तिला तरी कोण विचारणार?

मग भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. भाजलेल्या माणसाच्या खोलीत गर्दी नको, असं दारावर लिहिलं होतं. आमच्याकडे दारावरचं लिहिलेलं फक्त चपला कुठं काढायच्या हे बघायला वाचतात. प्रत्येक बाईचं पहिलं वाक्य एकच, "चेहरा वाचला, बरं झालं." एक म्हणाली, "पायच तर हाय, साडीत झाकतंय." दुसरी म्हणाली, "लग्न झालेलं हाय, आता काय काळजी?" म्हणजे कातडीचं काम काय, तर लग्न जमेपर्यंत दिसणं. त्यापुढे ती असली काय, नसली काय.

तिसऱ्या दिवशी दीर आले, पंधरा माणसं घेऊन. माझ्या पलंगाभोवती सगळे उभे राहिले, फळांची टोपली माझ्या मांडीवर ठेवली आणि फोटो काढला. दीर खोलीबाहेर मोठ्याने म्हणाले, "आमच्या मास्तरीणबाईला काही कमी पडू देणार न्हाई. मागाल ते देऊ. अंगातल्या रक्ताचा थेंब न् थेंब देऊ." टाळ्या वाजल्या नाहीत एवढंच. रक्त कोणी मागितलेलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो फोटो त्याच वाक्यासकट सगळीकडे फिरला. साहेबांचा पाय कसा सरकला याबद्दल त्यात काही नव्हतं. "किरकोळ अपघात" एवढंच होतं.

चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी नवऱ्याला बाहेर नेऊन सांगितलं की मधला भाग आपोआप भरून येणार नाही, तिथं त्वचारोपण करावं लागेल. उद्या घरच्यांना घेऊन या, सगळं नीट समजावून सांगतो. माझा नवरा बँकेत कारकून आहे, वाईट माणूस नाही. पण ऐकलेल्या गोष्टीतलं अर्धं त्याच्या डोक्यात पोचतं आणि उरलेलं तो स्वतः भरतो. त्याने घरी फोन करून सांगितलं, "कातडं लागणार हाय. सगळ्यांना बोलावलंय."

हे वाक्य घराघरांतून असं पळालं की विचारू नका.

दुपारपर्यंत भेटायला येणाऱ्यांची रांग तुटली. रोज सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन येणाऱ्या जाऊबाईंनी डबा कोणाच्या तरी हाती पाठवला आणि निरोप दिला की पुढच्या महिन्यात त्यांच्या भाचीचं लग्न आहे, हातावर डाग पडला तर बांगड्या कशा भरायच्या. मी तर त्यांच्याकडे काही मागितलंच नव्हतं! माझ्या सख्ख्या भावाचा फोन आला. तब्येत विचारली, डॉक्टर चांगला आहे का विचारलं, मग म्हणाला, "ताई, मला शुगर हाय, तुला माहिताय ना?" मी म्हटलं, "माहिताय. गोळ्या घे." रक्ताचा थेंब न् थेंब देणारे दीर कपिलधारला दर्शनाला गेले होते. तिथं रेंज नाही म्हणे. धबधबा तर त्या दिवसांत कोरडाच असतो, पण दर्शन चांगलं तीन दिवस चाललं.

संध्याकाळी नवरा माझ्या उशाशी बसला. बराच वेळ सफरचंद कापत होता. मग हळूच म्हणाला, "मी काय म्हणतो, सासरच्याचं जुळत न्हाई म्हणे. माहेरच्याचंच लागतं."

"कोण म्हणे?"

"दादा म्हणत होता."

"दादाचा फोन लागत नाही ना?"

त्याने सफरचंदाची फोड माझ्या हातात दिली. मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या मनगटावरचे केस, घड्याळाचा पट्टा, त्याखालची गोरी पट्टी. अठरा वर्षांचा संसार. मला खरं काय ते सांगता आलं असतं. दुसऱ्याची कातडी माझ्या अंगाला टिकतच नाही, शरीर ती परकी म्हणून फेकून देतं, हे मला पक्कं माहीत होतं. मांडीवरची माझीच कातडी काढून लावणार होते. एका वाक्यात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला असता. मी ते वाक्य बोलले नाही. मुद्दामच नाही बोलले. मला बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. त्यांनी समजावून सांगायला खोलीभर नजर फिरवली तर नवरा आणि मी. "बाकीचे?" त्यांनी विचारलं. नवरा म्हणाला, "येतीलच." तेवढ्यात दारात मावशी दिसली. तीच, मेंढ्यांवाली. सकाळच्या एसटीने आली होती, डोक्यावरचा पदर धुळीने भरलेला. नर्स तिला अडवत होती आणि ती म्हणत होती, "मला बाईंनी न्हाई बोलावलं, माझी मीच आलेय."

आत येऊन तिने पिशवी खाली ठेवली आणि सरळ डॉक्टरांनाच विचारलं, "सायब, बाईला कातडं पाहिजे म्हणत्यात. माझं चालंल का?" तिने दंडापर्यंत बाही सरकवली. उन्हाने काळाभोर, काट्यांच्या ओरखड्यांनी भरलेला हात. "लई राबलेलं हाय, पर टिकंल. पायाचं नका घिऊ तेवढं, मला रानात चालावं लागतं. पाठीचं घ्या, पाठीला काही काम नसतं."

नवरा खिडकीकडे वळला.

डॉक्टरांनी तिला खुर्चीवर बसवलं. पहिल्यांदाच मी त्यांना एवढं बोलताना ऐकलं. ते म्हणाले, "मावशी, दुसऱ्याचं कातडं लावलं तर दोन-तीन आठवड्यांत शरीर ते सोडून देतं. ते ओळखतं, हे माझं नाही. म्हणून बाईंच्याच मांडीवरून पातळ थर काढायचा. पूर्ण जाडी नाही काढायची, वरवरची. खाली मुळं ठेवायची, म्हणजे मांडीची जागा पुन्हा भरून येते. आणि काढलेला थर पायावर अंथरायचा. पहिले काही दिवस तो खालच्या ओलीवर जगतो, मग खालून रक्तवाहिन्या त्याच्यात शिरतात."

मावशीने सगळं नीट ऐकलं. शेतात रोप लावण्यासारखं काहीतरी आहे एवढं तिला समजलं असावं, कारण तिने विचारलं, "आन् न्हाई शिरल्या तर?"

"तर वाळून जातं. पुन्हा लावावं लागतं."

ती मान हलवत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मंग दुसऱ्या कुणाचं लागतच न्हाई?"

"नाही, मावशी."

"मग सगळे कावून पळाले?"

नवऱ्याचे कान लाल झाले. मी हसले. पाच दिवसांत पहिल्यांदा हसले आणि हसताना पाय हलला म्हणून रडले. दोन्ही एकदम झालं. मावशीने पिशवीतून बाजरीच्या भाकरी काढल्या, तिखट काढलं आणि मग एक पुडी. त्यात राख होती. "लोकरीची," ती हळूच म्हणाली. "डॉक्टर गेल्यावर लावू." मी तिला सांगितलं की मावशी, ही पुडी आत्ताच्या आत्ता खिडकीबाहेर टाक. ती रुसली, पण टाकली.

शस्त्रक्रिया झाली. पायापेक्षा मांडी जास्त दुखली, आणि त्याला कारण होतं. मांडीवरच्या नसांची टोकं शाबूत होती, वरचं पांघरूण तेवढं काढलेलं. वाऱ्याची झुळूक लागली तरी आग व्हायची. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी पायावरची पट्टी उघडली. मला बघायची हिंमत नव्हती, तरी बघितलं. ताणून मोठा करायला बारीक छेद दिल्याने जाळीसारखा झालेला तो थर गुलाबी दिसत होता. डॉक्टरांनी बोटाने दाबलं, ती जागा पांढरी पडली आणि बोट काढताच पुन्हा गुलाबी झाली. "रक्त आलं," ते म्हणाले. आयुष्यात मी पुष्कळ निकाल ऐकलेत, पोरांचे आणि माझे, पण हे दोन शब्द ऐकून जे वाटलं ते कधी वाटलं नव्हतं.

कातडं माझंच लावल्याची बातमी पसरल्यावर सगळे परत आले. जाऊबाई आल्या, भाऊ आला, शुगर तपासून आला होता. कपिलधारचा प्रसाद घेऊन दीरही आले. "आमाला कळलंच न्हाई हो," ते म्हणाले. "न्हाई तर मी पहिला होतो." मी प्रसाद घेतला. नारळ होता, नारळाचा काय दोष?

चार महिन्यांनी मी शाळेत जायला लागले. डाग मोठा आहे, रंग जुळत नाही. आजूबाजूला गव्हाळ, मध्ये कुठं काळपट, कुठं फिकट, आणि जाळीची नक्षी तशीच उमटलेली. मुख्याध्यापकांनी मला बोलावून, खाली बघत सुचवलं की पायमोजे घातले तर बरं, "मुलींना भीती वाटते." मुलींनी तर पहिल्याच दिवशी माझ्याभोवती गोळा होऊन सगळं विचारून घेतलं होतं. भीती कोणाला वाटत होती ते मला समजलं. मी मोजे घातले नाहीत.

पुढच्या वर्षी चौसाळ्यात महिलांच्या सत्काराचा कार्यक्रम झाला. दिरांनीच ठेवला होता. निवडणूक जवळ आली होती. माझं नाव यादीत होतं, "संकटावर मात करणारी शिक्षिका". मला जायचं नव्हतं. नवरा म्हणाला, "दादाला वाईट वाटंल." मी गेले. शाल, नारळ, फोटो. मग दीर माईकवर बोलायला उभे राहिले आणि बोलता बोलता म्हणाले, "माझ्या भावजयीला कातडं पाहिजे होतं तेव्हा मी डॉक्टरला म्हटलं, माझं घ्या! पाहिजे तेवढं घ्या!"

टाळ्या पडल्या. समोर बसलेल्या बायका माझ्याकडे कौतुकाने बघायला लागल्या, काय नशिबाचा दीर मिळालाय. मी उठले. मी माईक मागितला. दिरांना वाटलं आभार मानायचेत. त्यांनी आनंदाने दिला.

मी म्हटलं, "एक गोष्ट शिकवते, लक्षात ठेवा. आपल्या अंगाला दुसऱ्या माणसाचं कातडं टिकत नाही. डॉक्टर ते मागतच नाहीत. आपल्याच अंगावरचं काढून लावतात. त्यामुळे कोणाच्या घरी असं झालं तर कपिलधारला पळून जायचं कारण नाही." मागच्या बाजूला कोणीतरी हसलं. मी पुढे म्हटलं, "माझ्यासाठी एकच बाई कातडं द्यायला आली होती. ती शेळ्या-मेंढ्या राखते, तिला आज इथं बोलावलेलं नाही. आणि आणखी एक. भाजलं तर पाण्यात ठेवा. टूथपेस्ट दाताला लावा." मी माईक परत दिला आणि खाली बसले.

हसू आधी मागच्या रांगेत फुटलं, मग सगळीकडे. दीर हसण्याचा प्रयत्न करत होते, तोंडाचं कातडं तेवढं ओढून. त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. ते आजतागायत बंद आहे. निवडणुकीत ते पडले. माझ्यामुळे नाही, माझी तेवढी ताकद नाही, पण घरात दोष मलाच मिळाला. नवरा आठ दिवस फुगून होता. नवव्या दिवशी जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "मी पण दिलं असतं असं तुला वाटत न्हाई ना?" मी म्हटलं, "नाही वाटत." तो म्हणाला, "मला पण न्हाई वाटत." या माणसाच्या तोंडून अठरा-एकोणीस वर्षांत ऐकलेलं हे सगळ्यात खरं वाक्य. मी त्याला आणखी एक भाकरी वाढली.

दिरांनी त्या वर्षी मावशीच्या मेंढ्या त्यांच्या वाट्याच्या रानात बसू दिल्या नाहीत. मी नवऱ्याला सांगून आमच्या अर्ध्या तुकड्यात बसवल्या. वैशाखात, नांगरट झाल्यावर. मी संध्याकाळी चहाची किटली घेऊन गेले. त्या उन्हात माझा डावा पाय तापतो. नवीन कातडीला घाम येत नाही, घामाच्या ग्रंथी तिच्याबरोबर आल्या नाहीत. पाय ओल्या फडक्याने पुसावा लागतो. मी बांधावर बसून पुसत होते तेव्हा मावशीने अंगठ्याने ती जागा दाबून बघितली, जनावर पारखतात तशी.

"कळतं का?"

"दाबलेलं कळतं. नुसतं बोट लावलं तर नाही कळत."

"माशी बसली तर?"

"नाही कळत."

"बरं हाय की मग," ती म्हणाली आणि चहा बशीत ओतला. एक कोकरू बांध ओलांडून दिरांच्या रानात शिरलं होतं. ती उठली, त्याला एक शिवी दिली आणि त्याच्यामागे गेली. मी फडकं पुन्हा ओलं केलं.